उसने विकणारे आणि त्यांची कोंडी



आपल्याकडे बाजाराचा एक साधा नियम आहे : आधी माल, मग विक्री. शेतात पिकले, खळ्यावर आले, पोत्यात भरले, की मग ते बाजार समितीच्या आवारात जाते. ज्याच्या घरात दाणा नाही तो विकणार काय, असे आपण सहज म्हणतो. पण शेअरबाजारात हा नियम उलटा करून चालणारा एक व्यवहार आहे. तेथे माणूस आपल्याजवळ नसलेला माल आधी विकतो आणि मागाहून विकत घेतो. याला शॉर्ट सेलिंग म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला ‘उसन्याची विक्री’ म्हणू. अशी विक्री करणारे जेव्हा चहूबाजूंनी अडकतात, तेव्हा जी धावपळ उडते तिला शॉर्ट स्क्वीझ असे नाव आहे. त्यासाठी आपला ‘कोंडी’ हा शब्द पुरेसा आहे.

तुम्ही म्हणाल, “हे शहरातल्या दलालांचे उद्योग. आम्हां खेड्यातल्या माणसांना त्याचे काय?” एके काळी हे म्हणणे बरोबर होते. आता शेअरांचे खाते मोबाइलवर उघडते आणि बाजार खिशात येऊन बसला आहे. “अमक्या शेअरात मंदीवाले अडकलेत, आज घ्या, चार दिवसांत दुप्पट” असे निरोप गावोगाव फिरतात. माझ्या वर्गातली शेतकऱ्यांच्या घरची मुले तास संपल्यावर याविषयीच विचारतात. ज्या पैशांबद्दल ती बोलत असतात, ते पुष्कळदा वडिलांच्या कापसाचे असतात, नाहीतर रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आपल्याला भाग आहे.

प्रथम शेअर म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहानसा भाग. सहकारी साखर कारखान्याचा किंवा गावच्या सोसायटीचा भाग तुमच्यापैकी पुष्कळांच्या नावावर असेल. पण त्या भागात आणि बाजारातल्या शेअरात फरक आहे. सोसायटीचा भाग रोज उठून बाजारात विकला जात नाही, आणि भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच. कंपनीचा शेअर मात्र रोज विकला जातो, त्याचा भाव घटकेघटकेला बदलतो. आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे : कंपनीच्या शेअरांची संख्या ठरलेली असते. मागणी वाढली म्हणून शेअर शेतात पिकत नाहीत.

आता उसन्याची विक्री कशी चालते ते पहा. समजा, पौष महिना आहे. हरभऱ्याचा भाव क्विंटलला सहा हजार रुपये आहे. शंकररावांचा अंदाज असा, की फाल्गुनात नवा हरभरा आला म्हणजे भाव पडेल. त्यांच्या घरात हरभरा नाही. ते गोविंदाकडे जातात आणि म्हणतात, “तुझ्या कोठीतला दहा क्विंटल हरभरा मला उसना दे. फाल्गुनात तेवढाच आणि तसाच परत करीन. उसन्याबद्दल क्विंटलमागे पन्नास रुपये देईन.” गोविंदा कबूल होतो. शंकरराव तो हरभरा बाजारात विकून साठ हजार रुपये घेतात. फाल्गुनात भाव पाच हजारांवर आला. शंकररावांनी पन्नास हजारांत दहा क्विंटल हरभरा विकत घेतला, गोविंदाला परत केला, त्याचे पाचशे रुपये दिले, आणि साडेनऊ हजार रुपये त्यांच्या पदरात राहिले.

पण पाऊस आणि थंडी शंकररावांना विचारून येत नाहीत. समजा, अवकाळी पावसाने पीक गेले आणि भाव नऊ हजार झाला. गोविंदाला हरभरा तर परत करायचाच आहे, तो काही पैसे घेणार नाही. म्हणजे साठ हजारांना विकलेला माल नव्वद हजारांना विकत घ्यावा लागला. साडेतीस हजार रुपये खिशातून गेले.

गुरुजींनी आणि बाईंनी येथे फळ्यावर दोन बाजू मांडून पाहाव्यात. जो माणूस साठ हजारांचा माल विकत घेतो, त्याचे जास्तीत जास्त नुकसान किती? साठ हजार. भाव शून्यावर गेला तरी त्याहून खाली जाणार नाही. आणि जो उसने विकतो, त्याचा जास्तीत जास्त फायदा किती? तोही साठ हजारच, आणि तो भाव शून्यावर गेला तर. पण त्याचे नुकसान? त्याला माथाच नाही. भाव दुप्पट, तिप्पट, दसपट झाला, तर तितके देणे वाढत जाते. विकत घेणारा विहिरीत पडला तर तळाशी टेकतो. उसने विकणाऱ्याच्या विहिरीला तळ नाही. हे एवढे एक वाक्य आजच्या भाषणातून ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.

हा व्यवहार आजचा नाही. १६०२ साली हॉलंडात डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिच्याच पूर्वीच्या एका संचालकाने, इसाक ले मेर याने, १६०९ च्या सुमारास काही साथीदारांसह जवळ नसलेले शेअर विकण्याचा सपाटा लावला. भाव उतरले, आरडाओरड झाली, आणि १६१० साली तेथल्या सरकारने जवळ नसलेले शेअर विकण्यास बंदी घातली. पण बंदी घातली म्हणून व्यवहार थांबला नाही. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक देशात हाच वाद चालू आहे, की अशा विक्रीला मुभा द्यावी की देऊ नये.

तुम्हांला वाटेल, यात वाद कसला? दुसऱ्याच्या पडझडीवर पैसा मिळविणारी माणसे वाईटच. पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जर्मनीत वायरकार्ड नावाची एक नावाजलेली कंपनी होती. तिच्या हिशेबात गडबड आहे, असे काही उसने विकणारे आणि एक इंग्रजी वृत्तपत्र सांगत होते. तेथल्या सरकारी देखरेख खात्याने काय केले? फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या शेअरातल्या अशा विक्रीवरच दोन महिन्यांची बंदी घातली. पुढे जून २०२० मध्ये उघडकीस आले, की कंपनीच्या ताळेबंदातले एक अब्ज नव्वद कोटी युरो मुळी अस्तित्वातच नव्हते. कंपनी बुडाली. ज्यांनी भरवशाने शेअर धरून ठेवले होते त्या साध्या लोकांचे पैसे गेले. उसने विकणाऱ्याचा हेतू स्वार्थाचा असतो, यात शंका नाही. पण फुगलेल्या भावाला टाचणी लावणारा माणूस बाजारात कोणी तरी लागतो. सगळेच वाहवा करू लागले म्हणजे खोटे चलन खपते.

आता कोंडीकडे वळू. हरभऱ्याच्या गोष्टीत शंकररावांना एक सोय होती. आपल्या गावात महाग झाला, तर शेजारच्या तालुक्यातून हरभरा आणता येत होता. पण समजा, एखाद्या जुन्या वाणाचे बियाणे आहे. ते साऱ्या पंचक्रोशीत शंभरच पोती आहे, दुसरीकडे कोठे मिळत नाही. त्यांतली साठ पोती अशा घरांत आहेत, की जी मेली तरी विकणार नाहीत. राहिली चाळीस. आणि उसने घेऊन विकणाऱ्यांचे देणे आहे पन्नास पोत्यांचे. आता एकाला देण्याची घाई झाली की तो मिळेल त्या भावाने घेतो. त्यामुळे भाव चढतो. भाव चढला की दुसरा घाबरतो आणि तोही घ्यायला धावतो. त्याच्या खरेदीने भाव आणखी चढतो, मग तिसरा धावतो. लक्षात घ्या, हे लोक हौसेने घेत नाहीत, सुटकेसाठी घेतात. आणि सुटकेसाठी घेणारा माणूस भाव विचारीत नाही.

शेअरबाजारात याला आणखी एक कारण जोडले जाते. उसने विकणाऱ्याकडून दलाल अनामत घेऊन ठेवतो. भाव चढू लागला की दलाल म्हणतो, “आणखी अनामत भरा.” ती भरली नाही, तर तो त्या माणसाच्या नावाने स्वतःच खरेदी करून मोकळा होतो. म्हणजे विकणाऱ्याचा अंदाज शेवटी खरा ठरणार असला, तरी तोपर्यंत तग धरण्याइतका पैसा त्याच्याजवळ हवा. अंदाज बरोबर आणि माणूस बुडाला, असे या व्यवहारात नेहमी घडते.

तुमच्यापैकी एखाद्या चिकित्सक गुरुजींना शंका येईल : शंभर पोतीच असताना एकशेवीस पोत्यांचे देणे होऊ शकेल काय? होऊ शकते. गोविंदाचे पोते शंकररावांनी उसने घेतले आणि पार्वतीबाईंना विकले. आता ते पोते पार्वतीबाईंच्या मालकीचे झाले. त्यांनी तेच पोते दामूला उसने दिले, दामूने ते तिसऱ्याला विकले. पोते एक, पण देणी दोन : एक गोविंदाचे, एक पार्वतीबाईंचे. यात कोणी लबाडी केलेली नाही. वर्गात एक पेन घेऊन चार मुलांना उभे करा आणि हा खेळ करून दाखवा. पाचवीच्या मुलालाही तो समजेल.

अशा कोंडीचे सर्वांत स्वच्छ उदाहरण जर्मनीतले आहे. फोक्सवॅगन ही मोटारी बनविणारी प्रसिद्ध कंपनी. २००८ साली मंदी होती, म्हणून पुष्कळांनी तिचे शेअर उसने घेऊन विकले होते. २६ ऑक्टोबर २००८, रविवारचा दिवस. पोर्श या दुसऱ्या मोटार कंपनीने जाहीर केले, की फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के शेअर आमच्याकडे आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांची तजवीज आम्ही सौद्यांनी करून ठेवली आहे. बेरीज झाली ७४.१ टक्के. लोअर सॅक्सनी या प्रांताच्या सरकारकडे वीस टक्क्यांहून थोडे अधिक शेअर होते आणि ते सरकार विकणार नव्हते. मग बाजारात उरले किती? सहा टक्क्यांहूनही कमी. आणि उसने विकणाऱ्यांचे देणे होते सुमारे बारा टक्क्यांचे. खुर्च्या सहा आणि बसणारे बारा! शुक्रवारी दोनशे दहा युरोंच्या आसपास असलेला भाव मंगळवारी काही क्षण एक हजार युरोंच्या वर गेला. तेवढ्या क्षणांपुरती फोक्सवॅगन बाजारभावाने जगातली सर्वांत मोठी कंपनी ठरली होती. त्या चार दिवसांत तिच्या मोटारी काही चांगल्या झाल्या नव्हत्या, कारखाना वाढला नव्हता. भाव चढला तो केवळ कोंडीमुळे. म्हणून कोंडी सुटताच तो उतरला.

आता ज्या प्रसंगाचे नाव तरुण मुले वारंवार घेतात, त्याकडे येऊ. अमेरिकेत टेक्सास संस्थानात गेमस्टॉप या कंपनीचे मुख्य ठाणे आहे. संगणकावरचे खेळ विकणारी तिची दुकाने गावोगाव होती. खेळ घरबसल्या इंटरनेटवरून मिळू लागले तसा दुकानांचा धंदा बसत चालला. मोठमोठ्या फंडांनी ही कंपनी बुडणार असे धरून तिचे शेअर उसने घेऊन विकले, आणि ते इतके, की उसने दिलेल्या शेअरांची संख्या बाजारात फिरणाऱ्या एकूण शेअरांपेक्षाही वाढली. एका पोत्याची दोन देणी, तीच ही गोष्ट.

ही आकडेवारी गुप्त नव्हती. रेडिट नावाच्या इंटरनेटवरच्या चावडीवर गप्पा मारणाऱ्या लहान गुंतवणूकदारांनी ती वाचली. काहींना कंपनी खरोखर स्वस्त वाटत होती, तर काहींना मोठ्या फंडांची जिरवायची होती. जानेवारी २०२१ च्या आरंभी एका शेअराचा भाव सतरा डॉलरच्या आसपास होता. २७ जानेवारीला बाजार बंद होताना तो ३४७ डॉलर झाला. दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला, तो काही क्षण ४८३ डॉलरपर्यंत चढला. हे त्या वेळचे भाव बरं का. पुढे २०२२ साली कंपनीने एका शेअराचे चार शेअर केले. मेल्व्हिन कॅपिटल नावाच्या मोठ्या फंडाने त्या एका महिन्यात आपल्या भांडवलाचा निम्म्याहून अधिक भाग, ५३ टक्के, घालविला. दुसऱ्या बड्या संस्थांनी त्याला पावणेतीन अब्ज डॉलरचा टेकू दिला, तरी २०२२ साली त्याने आपले दुकान बंद करण्याचे ठरविले.

येथपर्यंतची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. दावीदाने गोलियाथाला लोळविले, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. पण गोष्ट येथे संपत नाही.

ज्या २८ तारखेला भाव शिखरावर होता, त्याच दिवशी रॉबिनहूड या मोबाइलवरच्या दलाली कंपनीने गेमस्टॉपची नवी खरेदी बंद केली. विकायची मुभा, घ्यायची नाही. आणखी काही दलालांनीही असेच निर्बंध घातले. लोक खवळले. “हा बड्या लोकांचा डाव आहे” असे ते म्हणाले. प्रकरण अमेरिकेच्या लोकसभेच्या समितीपुढे गेले. कंपनीने दिलेले कारण असे : त्या वेळी तेथे सौदा झाल्यावर पैसे आणि शेअर यांची देवघेव पुरी व्हायला दोन दिवस लागत. त्या दोन दिवसांत कोणी बुडाले तर पंचाईत नको, म्हणून सौदे पुरे करणारी मध्यवर्ती संस्था दलालांकडून ठेव घेते. भाव असे उसळल्यामुळे तिने रॉबिनहूडकडे त्या पहाटे सुमारे तीन अब्ज डॉलर मागितले. एवढी रक्कम जवळ नव्हती. हे कारण तुम्हांला पटो वा न पटो, त्यातला धडा घेण्याजोगा आहे. ज्या दाराने तुम्ही आत आलात ते दार तुमच्या हातात नाही. नेमक्या गर्दीच्या वेळी ते बंद होऊ शकते.

खरेदी अडली तसा भाव घसरला. ४ फेब्रुवारीला तो ५३ डॉलरवर बंद झाला. ज्याने २७ जानेवारीच्या बंद भावाने शंभर रुपयांचे शेअर घेतले असतील, त्याचे आठ दिवसांत पंधरा रुपये उरले. फंडाचे पैसे गेले हे वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून आले. पण शेवटच्या दोन दिवसांत शिरलेल्या हजारो लहान माणसांचे पैसे गेले, त्यांची नावे कोण छापणार? कोंडीतला नफा आकाशातून पडत नाही. एकाच्या खिशातून निघतो आणि दुसऱ्याच्या खिशात जातो. आरंभी मंदीवाल्याच्या खिशातून निघतो. तो निघून गेला, म्हणजे मागाहून आलेल्याच्या.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या शेअरबाजार देखरेख आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये या प्रकरणावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे म्हटले आहे, की उसने विकणाऱ्यांनी सुटकेसाठी केलेली खरेदी हा त्या तेजीचा एक भागच होता. भाव कित्येक आठवडे चढा राहिला तो मुख्यतः लोकांच्या उत्साहाच्या खरेदीमुळे. याचा अर्थ काय? पुष्कळजण समजत होते, की आपण मंदीवाल्याला विकणार. प्रत्यक्षात ते आपल्यासारख्याच दुसऱ्या उत्साही माणसाला विकीत होते.

आपल्याकडे असे काही घडले आहे काय? घडले आहे. मुंबईच्या शेअरबाजारात पूर्वी ‘बदला’ नावाची पद्धत होती. हिशेबाचा दिवस आला आणि माल द्यायला नसला, तर काही रक्कम मोजून सौदा पुढच्या मुदतीवर ढकलता येई. १९८२ साली मंदीवाल्यांच्या एका टोळीने रिलायन्सचे शेअर जवळ नसताना मोठ्या प्रमाणावर विकले. भाव पाडावा आणि मग स्वस्तात घ्यावेत, असा बेत होता. पण कंपनीच्या बाजूचे दलाल ते सारे शेअर घेत राहिले. हिशेबाचा दिवस आला तेव्हा त्यांनी सौदा पुढे ढकलण्यास सरळ नकार दिला आणि म्हणाले, “विकलेत ना? मग शेअर आणून द्या.” मंदीवाल्यांची पळापळ झाली, भाव भडकले, आणि शेवटी बाजार काही दिवस बंद ठेवण्याची पाळी आली. ही लढाई दोन्हीकडल्या पैसेवाल्यांची होती, हे मात्र विसरू नका. लहान गुंतवणूकदार त्या दिवशी कुंपणापलीकडे उभा होता.

बदल्याची ती पद्धत २००१ साली बंद झाली. आज आपल्या देशात सेबी ही संस्था बाजारावर देखरेख ठेवते. तिच्या २००७ सालच्या नियमांप्रमाणे उसन्याची विक्री सर्व प्रकारच्या गुंतवणूकदारांना करता येते. पण विकलेला शेअर वेळेवर हजर केलाच पाहिजे, नुसती हवेतली विक्री चालत नाही. त्यासाठी शेअर उसने देण्याघेण्याची अधिकृत योजना २००८ सालापासून आहे. ज्याच्याजवळ शेअर आहेत, तो ते या योजनेतून उसने देऊन थोडा मोबदलाही मिळवू शकतो.

सामान्य माणूस मात्र बहुधा दुसऱ्या वाटेने या व्यवहारात शिरतो. सकाळी शेअर विकायचा आणि बाजार बंद होण्यापूर्वी घेऊन टाकायचा, अशी एका दिवसाची उलाढाल मोबाइलवर दोन बोटांनी होते. यात धोका कोठे आहे ते सांगतो. आपल्याकडे बहुतेक शेअरांना दिवसाच्या चढउतारीची मर्यादा असते, दोन, पाच, दहा किंवा वीस टक्के. समजा, तुम्ही सकाळी विकला आणि दुपारी शेअर वरच्या मर्यादेला जाऊन टेकला. आता घेणारे रांगेत उभे आणि विकणारा कोणीच नाही. तुम्हांला परत घ्यायचा आहे, पण घेणार कोणाकडून? बाजार बंद झाला, तुम्ही शेअर देऊ शकला नाहीत. मग तो शेअर लिलावातून घेतला जातो आणि जो भाव पडेल तो, दंडासकट, तुमच्या खात्यातून वजा होतो. फोक्सवॅगन आणि गेमस्टॉप लांब राहिले. लहान माणसाची कोंडी अशी आपल्या ओसरीवर होते.

हा केवळ भीतीचा बागुलबुवा नाही. सेबीने जुलै २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२२-२३ या वर्षात शेअरांची एका दिवसाची उलाढाल करणाऱ्या व्यक्तींपैकी दहांतल्या सातजणांना तोटा झाला होता. तीस वर्षांखालच्या तरुणांत हे प्रमाण ७६ टक्के होते. वायदे आणि ऑप्शन यांचे सौदे याहून कठीण. त्यांविषयीच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीप्रमाणे, मागच्या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जण तोट्यात होते. त्या साऱ्यांचा मिळून तोटा एक लाख ऐंशी हजार कोटी रुपयांहून अधिक भरला.

मग आपण काय करावे? शेअर मुळीच घेऊ नयेत, असे मी म्हणत नाही. चांगल्या कंपनीचे शेअर पूर्ण पैसे मोजून घेणे आणि वर्षानुवर्षे ठेवणे, हा एक मार्ग आहे. त्यातही धोका आहे, पण तो मोजता येणारा आहे. उसन्याची विक्री करणे आणि कोंडीच्या आशेने चढत्या भावात उडी घेणे, हे दोन मार्ग निराळे. त्यांच्याकडे पाय वळण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : हा निरोप मला कोणी दिला, आणि त्याने स्वतः कधी घेतले? ज्याने खालच्या भावात घेतले आहेत, त्याला वरच्या भावात घेणारे हवेच असतात. तो माणूस मंदीवाल्याची वाट पाहत आहे की माझी?

दुसरा : मी विकीन त्या दिवशी घेणारा कोण असेल? याचे उत्तर “कोणी तरी असेलच” एवढेच येत असेल, तर तो कोणी तरी म्हणजे आज आपणच आहोत, हे ओळखावे.

तिसरा : हे पैसे कोणाचे आहेत? बी-बियाण्याचे, मुलीच्या शिक्षणाचे, सोसायटीच्या कर्जाचे, की खरोखर शिलकीचे? उसन्या पैशाने उसन्याचा व्यवहार करणे म्हणजे फुटक्या घागरीने गळक्या हौदातले पाणी भरणे होय.

चौथा : कंपनी करते काय आणि कमावते किती? ताळेबंद कंपनीच्या आणि शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो. ज्याला तो वाचता येत नाही त्याने वाचता येणाऱ्याला विचारावे, यात कमीपणा नाही. आपण बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो. मग येथेच डोळे मिटून का घ्यावे?

सल्ला विकत घ्यायचाच झाला, तर सल्लागाराची सेबीकडे नोंदणी आहे की नाही ते आधी पाहा. फसवणूक झालीच, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार-सेवेवर तक्रार नोंदविता येते. पण स्वतःच्या हाताने केलेल्या सौद्यातला तोटा ही तक्रार होत नाही, तो हिशेब असतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करून हे भाषण पुरे करतो. आठवी-नववीच्या मुलांना शेकडेवारी शिकविताना नफा-तोट्याची तीच ती गणिते आपण देतो. त्यांत एक गणित या विषयाचे घाला. दोन रकाने पाडा. एका रकान्यात शंभर रुपयांना शेअर विकत घेणारा, दुसऱ्यात शंभर रुपयांना उसना विकणारा. भाव ५०, १००, २०० आणि ५०० झाला तर कोणाचे काय होईल, ते मुलांना भरायला सांगा. पहिल्या रकान्यातला तोटा कधीच शंभराच्या पलीकडे जात नाही. दुसऱ्या रकान्यात शेवटच्या ओळीला चारशेचा तोटा येतो, आणि एखादा हुशार मुलगा विचारतो, “गुरुजी, भाव हजार झाला तर?” त्या मुलाला उत्तर सांगू नका. त्यालाच पुढची ओळ भरू द्या. पुढे कधी त्याच्या मोबाइलवर “आज घ्या, उद्या दुप्पट” असा निरोप आला, तर ती ओळ त्याला आठवेल.